लोखंडी कपाटासमोर इटालियनची गर्दान

इटालियनमधलं 'जाणे' हे क्रियापद मी पाठ केलं ते दवाखान्यातल्या चादरींच्या खोलीत. वादो, वाय, वा, आंदिआमो, आंदाते, वान्नो. मी जाते, तू जातोस, तो जातो, आम्ही, तुम्ही, ते. सगळे जातात. मी मात्र रोज सकाळी बजाजनगरहून निघायची ती त्याच दवाखान्याच्या त्याच दुसऱ्या मजल्यावर यायची, आणि संध्याकाळी परत भावाच्या दीड खोलीत. असं पाच वर्षं चाललं होतं.

मी नर्स आहे. आमचं गाव गंगापूर तालुक्यातलं. भाऊ वाळूजच्या कंपनीत लागला, म्हणून त्याच्याकडं राहून मी नर्सिंग केलं आणि शहरातल्या एका खासगी दवाखान्यात लागले. इटलीत नर्स कमी पडतात, आपल्याकडच्या पोरी नेतात, ही बातमी आमच्या वॉर्डात आली तेव्हा पहिल्यांदा आम्ही हसलो. मग औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानावर क्लास निघाला. इटालियनची एक परीक्षा पास व्हायची, कागद द्यायचे, पुढचं क्लासवाले बघणार. मी हसायचं बंद केलं आणि नाव घातलं.

क्लासच्या मॅडम इटालियन पुण्यात शिकल्या होत्या. इटली त्यांनीही नकाशातच बघितलेली, पण शिकवायच्या जीव तोडून. पहिले दोन महिने बरे गेले. नियमाची क्रियापदं गरीब असतात, एकाचा साचा दुसऱ्याला बसतो. मग आली बिननियमाची, आणि माझं डोकं उठलं. माणूस दिवसभर जे करतो तेच नेमकं वाकडं. जाणं वाकडं, येणं वाकडं, करणं, देणं, म्हणणं, सगळं वाकडं. 'आंदारे' म्हणजे जाणे, पण मी जाते म्हणजे 'वादो'. 'आं'चा पत्ता नाही. मी जाईन म्हणताना तो परत येतो, 'आंद्रो'. मी गेले असते म्हणायला आणखी दोन शब्द लागतात. मी जावं अशी कुणाची इच्छा असली तर 'वादा'.

"हे कुणी ठरवलं?" मी एकदा वैतागून विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "तू जाते म्हणतेस आणि गेले म्हणतेस. ते कुणी ठरवलं?"

खरंच की. जातो, गेला. येतो, आला. इतकी वर्षं तोंडात होतं आणि कधी टोचलं नव्हतं. शाळेत क्रियापदाचे अर्थसुद्धा शिकवले होते, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. तेव्हा वाटायचं, गुरुजींना दुसरा धंदा नाही. आता तिशीला टेकल्यावर तेच सगळं दुसऱ्या भाषेत घोकत होते.

पण माझं घोडं पेंड खात होतं ते क्रियापदांपाशी नाही. ते मेट्रन मॅडमच्या टेबलामागच्या लोखंडी कपाटापाशी.

आमच्याकडच्या खासगी दवाखान्यांची एक रीत आहे. नर्स लागली की तिची ओरिजिनल प्रमाणपत्रं जमा करून घ्यायची. दहावी, बारावी, नर्सिंगचा डिप्लोमा, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळं. दोन वर्षांचा बाँड. दोन वर्षं झाली की घेऊन जा. ऐकायला सोपं वाटतं. पण रजा असो, ड्यूटी बदलून घेणं असो, घरच्या माणसाला उपचारात सवलत असो, काहीही मागायचं झालं तर एकच छापील फॉर्म होता, आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: सेवेची मुदत एक वर्षानं वाढवण्यास माझी संमती आहे. खाली सही. अर्ध्या दिवसाच्या रजेलासुद्धा तोच फॉर्म. म्हणून आमच्यात अर्धा दिवस कुणी मागतच नसे. डोकं दुखलं तर गोळी घेऊन उभ्या.

मी तीनदा सही केली. भावाच्या लग्नाला आठ दिवस पाहिजे होते, एक. बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन आमच्याच दवाखान्यात केलं, दोन. आणि वहिनीला बाळ झालं तेव्हा तीन महिने दिवसाचीच ड्यूटी मागितली, तीन. कुणी माझा हात धरून सही घेतली नाही. माझ्याच हातानं मी दोनाची पाच केली. इतरांवर चिडायला आवडतं मला, पण हे मात्र माझं मलाच नडलं.

आता परीक्षा दिवाळीनंतर मुंबईत होती. त्याच दिवशी ओरिजिनल कागद दाखवायचे, झेरॉक्स चालणार नाही, असं क्लासच्या मॅडमनी तीन-तीनदा सांगितलं होतं. माझा बाँड संपत होता पुढच्या मार्चमध्ये. कागद असते तर परीक्षा दिली असती. हा झाला संकेतार्थ. तो मला इटालियनमध्ये यायच्या आधीच चांगला कळला होता.

तरी मी घोकायची. घरी जागा नव्हती. भाच्याचं रडणं, वहिनीचा मिक्सर, भावाची शिफ्ट. दवाखान्यात टेंपरेचरच्या जुन्या चार्टांच्या पाठीवर क्रियापदं लिहायची आणि चादरींच्या घड्या घालताना पुटपुटायची. त्या खोलीला खिडकी नव्हती. 'बाहेर पडणे' मी तिथंच शिकले, एस्को, एशी, एशे. 'पाहिजे, करावंच लागतं' हे क्रियापद फार लवकर बसलं. देवो, देवी, देवे, आरतीच वाटायची. 'मला हवंय' मात्र बसेना. वोल्यो म्हणायला जीभ वळेना. मॅडम म्हणायच्या, "तुम्हा सगळ्या नर्सांचं हेच होतं." आणि मला त्यांचा राग यायचा, कारण खरं होतं.

अशीच एकदा पाच नंबरच्या खोलीत गादीची चादर बदलत होते. त्या खोलीत आपा होत्या. शहागंजच्या, सत्तरीच्या पुढच्या, जन्मभर उर्दू शाळेत पोरींना उर्दू-फारसी शिकवलेल्या. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. मुलगा परदेशात, घरी बघायला कुणी नाही, म्हणून ऑपरेशन झालं तरी खोलीत ठेवलेल्या. सगळे त्यांना आपा म्हणायचे, डॉक्टरसुद्धा.

"क्या पुटपुटा री तू?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. इटलीची भाषा, क्रियापदं, पाठ होत नाहीत.

"ला, दिखा." त्यांनी चष्मा लावला. मी माझं मला कळावं म्हणून उच्चार मराठीत लिहिलेले. त्यांनी ते सावकाश वाचले आणि एकदम हसल्या. "अगे, ये तो गर्दान है!"

त्यांच्या लहानपणी फारसी अशीच शिकवत. एका क्रियापदाची सहा रूपं, एका दमात, झुलत झुलत म्हणायची. त्याला गर्दान म्हणतात. त्यांनी डोळे मिटले आणि पडल्यापडल्या म्हणून दाखवली, रफ्तम, रफ्ती, रफ्त, रफ्तीम, रफ्तीद, रफ्तंद. मी गेले, तू गेलास, तो गेला. साठ वर्षांपूर्वी पाठ केलेलं, एक अक्षर अडखळलं नाही. "और जाता बोलना है तो रवद," त्या म्हणाल्या. "रफ्त का कुछ बाकी नै रैता. जाने का लफ्ज सब जगा ऐसाच रैता बेटी, आधे रस्ते में बदल जाता."

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. वाटलं, मी एकटीच मूर्ख नाही.

त्या दिवसापासून आपांनी मला हातात घेतलं. सकाळचं बीपी घेताना वर्तमानकाळ, दुपारच्या इंजेक्शनला भूतकाळ, संध्याकाळी भविष्य. चार्ट त्यांच्या हातात, मी म्हणायची. चुकलं की उशीवर हात आपटायच्या. "अटकना नक्को. सोचेगी तो गई. मुंह को याद होना, दिमाग को नै." त्यांना इटालियनचा एक शब्द कळत नव्हता, पण कुठं अडखळले ते बरोबर कळायचं. तीन आठवड्यांत माझी पंचवीस क्रियापदं सगळ्या काळांत, सगळ्या अर्थांत तोंडावर आली. वोल्यो, व्वोइ, व्वोले, हीसुद्धा. फिजिओथेरपीवाला त्यांना वॉकर धरून उभं करायचा, तेव्हा त्या पावलाला एक रूप म्हणायला लावायच्या. सहा पावलं, एक गर्दान. दोघींचं एकदमच व्हायचं.

परीक्षेला बारा दिवस उरले तेव्हा आपांनी विचारलं, "टिकट निकाली?"

मी कपाटाचं सांगितलं.

"माँगी?"

"काय मागायचं, आपा? नियम आहे."

"मैं पूछी, माँगी क्या?"

नव्हते मागितले. पाच वर्षांत त्या कपाटाला मनात हजार शिव्या दिल्या असतील, पण तोंडानं एकदाही म्हटलं नव्हतं की माझे कागद द्या. लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी मेट्रन मॅडमपुढं जाऊन उभी राहिले.

मेट्रन मॅडम पन्नाशीच्या. जालन्याकडच्या. दवाखान्याच्याच आवारातल्या खोलीत एकट्या राहायच्या. कपाटाची किल्ली साडीच्या निऱ्यांपाशी खोचलेली, ती मी कधी टेबलावरसुद्धा बघितली नव्हती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या तीन सह्यांचे तीन फॉर्म काढून समोर ठेवले, ओळीनं.

"मार्चला ये," म्हणाल्या.

"परीक्षा आत्ता आहे मॅडम. दोन दिवसांसाठी द्या. परत आणून ठेवते."

"मी दिले तर उद्या सगळ्या येतील. माझ्या हातात नाय ते."

"किल्ली तर तुमच्याच कंबरेला आहे," मी म्हणाले. बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मीच खाली बघितलं. त्यांनी फॉर्म गोळा केले आणि मला जा म्हणाल्या.

मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले. दुःखानं नाही, संतापानं. माझीच दहावी, माझीच बारावी, कापूस वेचून आल्यावर कंदिलापाशी केलेला अभ्यास, आणि तो कागद बघायलासुद्धा दुसऱ्याची परवानगी. गावाकडं म्हणतात तसं, आपलीच मोरी आणि मुतायची चोरी. संध्याकाळी बापाला फोन केला. तो म्हणाला, "तू जा नाहीतर राहा, पर एकदाचं ठरव. लई दिवस झाले, तुझं नुसतं चाललंय." त्याचाही राग आला.

परीक्षा रविवारी होती. शुक्रवारी दुपारी मेट्रन मॅडमनी मला हाक मारली. राउंडला निघाल्या होत्या. निऱ्यांपाशी हात घालून त्यांनी किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली.

"कपाटातून फॉर्मांचा नवा गठ्ठा काढून ठेव. मला अर्धा तास लागंल."

एवढंच. वर बघितलं नाही. पाच वर्षांत त्यांनी ती किल्ली कुणाच्या हातात दिलेली मी बघितली नव्हती.

मी कपाट उघडलं. फाइली कप्प्याकप्प्यानं लावलेल्या, प्रत्येकीवर नाव आणि लागल्याचं साल. माझी मधल्या कप्प्यात होती. झेरॉक्स माझ्या पिशवीत होत्याच. ओरिजिनल काढले, झेरॉक्स आत घातल्या. दोन मिनिटांचं काम. मग फॉर्मांचा गठ्ठा शोधायला खालच्या कप्प्यात वाकले आणि सगळ्यात तळाची फाइल दिसली, रंग उडालेली. तिच्यावर मेट्रन मॅडमचं नाव होतं.

मी ती उघडली. उघडायला नको होती, पण उघडली. त्यांची प्रमाणपत्रं, तेव्हाची, हातानं लिहिलेली. एक जुना पासपोर्ट, दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो. आणि मस्कतच्या दवाखान्याचं बोलावणं. कागद घड्यांवर फाटायला आला होता.

मला वाटलं, यांना माहीतच नसेल. किंवा विसरल्या असतील. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मी ती फाइल बाहेर काढून त्यांच्या टेबलावर, बरोबर मध्ये ठेवली. फॉर्मांचा गठ्ठा शेजारी. कपाट लावलं आणि किल्ली हातात घेऊन उभी राहिले.

त्या आल्या. फाइल बघितली. उघडली नाही. माझ्या हातातून किल्ली घेतली, कपाट उघडलं, वाकून फाइल तळाच्या कप्प्यात होती तिथं ठेवली आणि कपाट परत लावलं. गुडघे दुखत असावेत, उठताना टेबलाचा आधार घेतला.

"मॅडम, तुमचे पण आतच आहेत," मी म्हणाले. "आणि किल्ली तुमच्याकडं."

"म्हणून तर." त्या खुर्चीत बसल्या. "किल्ली माझ्याकडं आली तवाच घाई संपली बघ. वाटायचं, कागद तर आपल्याचकडं आहेत. कधीबी काढता येतील." मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "जा. पाच नंबरचं ड्रेसिंग राहिलंय."

मी मुंबईला गेले, परीक्षा दिली. तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं, इटलीत का यायचंय. मी विचार केला नाही. वोल्यो म्हणून जी सुरुवात केली ती तोंडानंच पुढं नेली. पास झाले. निकाल आला तेव्हा क्लासच्या मॅडमनी पेढे वाटले. आपांना तोवर मुलानं येऊन घरी नेलं होतं. जाताना वॉकरवर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "पास हुई तो मेरेकू सुनाने आना."

आता खरी गोष्ट सांगते, आणि ही सांगताना मला माझीच चीड येते. पास झाल्यावर फक्त कागद क्लासमध्ये नेऊन द्यायचे होते. मी दिले नाहीत.

पहिला महिना म्हटलं, भाच्याचं जावळ होऊन जाऊ दे. मग म्हटलं, बाँड संपू दे, उगाच खेकटं नको. मार्चमध्ये बाँड संपला. सुटलेला बाँड हातात घेऊन घरी आले आणि भावाला म्हटलं, बापाचा दुसरा डोळा राहिलाय. मग वॉर्डाची इनचार्ज केली मला. इतके दिवस मी कपाटाला शिव्या देत होते, तोवर सोपं होतं. कपाट अडवत होतं, मी बिचारी होते. आता कुणीच अडवत नव्हतं, आणि मला भीती वाटत होती. थंडीची, एकटीची, बोलता बोलता अडखळून लोक हसतील याची. गर्दान रोज म्हणत होते, एक रूप चुकत नव्हतं, आणि जात कुठंच नव्हते. कागद पिशवीतच ठेवायची, घरी भाच्याच्या हाताला लागायला नकोत म्हणून. रोज बजाजनगरहून आणायची, रोज परत न्यायची. आपांकडं गेले नाही. त्यांनी विचारलं असतं, कब जा री.

श्रावणातल्या एका शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत, क्लासच्या मॅडमचा फोन आला. मी मेट्रन मॅडमच्या खोलीतच डबा उघडून बसले होते. इनचार्ज झाल्यापासून तिथंच जेवायची.

"अगं, ही शेवटची यादी. आज चारला जाते," त्या म्हणाल्या. "तुझ्या बॅचच्या सगळ्यांचे कागद आले, तुझेच नाहीत. अडचण काय आहे?"

"अडचण काही नाही मॅडम," मी म्हणाले. "कागद तर माझ्याचकडं आहेत. कधीपण देता येतील."

बोलले आणि घास तोंडात तसाच राहिला. मी मान वर केली. मेट्रन मॅडम समोर बसून ड्यूटीचा तक्ता भरत होत्या. त्यांचा पेन थांबला होता.

मी डबा बंद केला. हात धुतले नाहीत, रुमालाला पुसले. "मॅडम, मला आज अर्धा दिवस पाहिजे."

त्यांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढून पुढं सरकवला. मी नाव लिहिलं, वॉर्ड लिहिला, वेळ लिहिली. तळाची ओळ वाचली. पाच वर्षांत ती पहिल्यांदा पूर्ण वाचली. पेन ठेवून दिला.

"सही?" त्या म्हणाल्या.

"नाही करत."

त्यांनी फॉर्म उचलला. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी तो उलटा करून ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवर लावला आणि घड्याळाकडं बघितलं. पावणेतीन झाले होते.

"बसनं जाऊ नको," म्हणाल्या. "थांबत थांबत जाते ती. रिक्षा कर."

मी रिक्षा केली.